गर्टी कोरी: साखरेचा हिशोब मांडणारी शास्त्रज्ञ आणि तुमच्या लिव्हरमधली पॉवर बँक



अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे काही वर्षांपूर्वीपर्यंत एक सुपरकॉम्प्युटर चालायचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये जगातल्या सर्वात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत तो पाचव्या नंबरवर होता. मे २०२३ मध्ये तो बंद करण्यात आला. त्याचं नाव होतं कोरी.

हे नाव कुठल्या कंपनीचं किंवा चिपचं नव्हतं. ते एका बाईंचं आडनाव होतं. डॉ. गर्टी कोरी. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारी जगातली पहिली महिला. आणि गंमत म्हणजे याच बाईंनी अनेक वर्षं नवऱ्याच्या पगाराच्या साधारण एक दशांश पगारावर काम केलं होतं.

त्यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठलाग केला: आपण खाल्लेली साखर शरीरात नक्की जाते कुठे? चला तर मग, आज गर्टी कोरी यांची गोष्ट आणि त्यासोबत आपल्या लिव्हरमधली सिस्टीम, दोन्ही समजून घेऊ.

आधी थोडं लिव्हरबद्दल

तुम्ही रात्री ९ वाजता वरण-भात खाल्ला आणि सकाळी ७ वाजता उठलात. मधले १० तास पोटात काहीच गेलं नाही. तरी मेंदू चालू होता, हृदय चालू होतं. मेंदूला दिवसभरात साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. पण तुमच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम ४ ते ५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे एक चमचा साखर. मग रात्रभर पुरवठा कोण करतं?

उत्तर आहे लिव्हर, म्हणजे यकृत. जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचा एक भाग लिव्हर उचलतं, त्याचे हजारो कण एकमेकांना जोडतं आणि फांद्या फुटलेल्या झाडासारखा एक मोठा रेणू बनवून ठेवतं. त्याला म्हणतात ग्लायकोजेन. लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं, स्नायूंमध्ये मिळून साधारण ४०० ग्रॅम.

फरक एवढाच की स्नायूंमधलं ग्लायकोजेन म्हणजे फोनची आतली बॅटरी, फक्त त्याच फोनसाठी. लिव्हरमधलं ग्लायकोजेन म्हणजे पॉवर बँक. ते स्वतःसाठी कमी आणि बाकी सगळ्या शरीरासाठी जास्त. काहीच खाल्लं नाही तर ही पॉवर बँक साधारण एका दिवसात जवळपास रिकामी होते.

ग्लायकोजेनचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच लावला होता. म्हणजे साठा आहे हे माहीत होतं. पण तो भरतो कसा, रिकामा कसा होतो आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे कोडंच होतं. ते सोडवण्यात गर्टी यांचं आयुष्य गेलं.

साखर कारखान्याच्या मॅनेजरची मुलगी

गर्टी थेरेसा रॅडनिट्झचा जन्म १५ ऑगस्ट १८९६ चा, प्राग शहरातला. तेव्हा प्राग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. घर ज्यू. वडील ओट्टो केमिस्ट होते, साखर शुद्ध करण्याची पद्धत त्यांनी शोधली होती आणि साखर कारखान्यांचं काम ते बघायचे. म्हणजे साखर घरातच होती म्हणा ना! तीन बहिणींमध्ये गर्टी थोरली. दहाव्या वर्षापर्यंत तिचं शिक्षण घरीच झालं, मग मुलींच्या शाळेत.

सोळाव्या वर्षी तिने ठरवलं, डॉक्टर व्हायचं. तिचे मामा मुलांचे डॉक्टर आणि प्राध्यापक होते, त्यांनीही पाठिंबा दिला. पण अडचण मोठी होती. त्या काळच्या मुलींच्या शाळांमध्ये मेडिकलच्या प्रवेशासाठी लागणारे विषय पुरेसे शिकवतच नसत. लॅटिन, गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, सगळ्यात ती कित्येक वर्षं मागे होती. गर्टीने आठ वर्षांचं लॅटिन आणि पाच-पाच वर्षांचं विज्ञान आणि गणित साधारण एका वर्षात उरकलं आणि परीक्षा पास झाली. १९१४ मध्ये तिला प्रागच्या जर्मन विद्यापीठात मेडिकलला प्रवेश मिळाला.

तिथे तिला कार्ल कोरी भेटला. दोघांना डोंगर चढायचं वेड, दोघांना पेशंट बघण्यापेक्षा संशोधनात जास्त रस. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, कार्लला सैन्यात जावं लागलं. १९२० मध्ये दोघे डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी लग्नही केलं.

व्हिएन्नातली उपासमार

लग्नानंतर गर्टी व्हिएन्नामध्ये मुलांच्या हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. युद्धानंतरचे दिवस, शहरात अन्नाची टंचाई. खाण्याची इतकी आबाळ झाली की गर्टी यांचे डोळे कोरडे पडायला लागले. व्हिटॅमिन ए कमी पडलं की होणारा हा आजार. प्रागला घरी जाऊन नीट जेवण मिळालं तेव्हा कुठे डोळे सुधारले. अन्नातला एक घटक कमी पडला की शरीराची सिस्टीम कशी कोलमडते, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलं.

त्यात युरोपात ज्यूंबद्दलचा द्वेष वाढत होता. इथे भविष्य नाही, हे दोघांनाही कळलं. १९२२ मध्ये कार्लना अमेरिकेत बफेलो इथल्या कॅन्सर संशोधन संस्थेत नोकरी मिळाली. सहा महिन्यांनी गर्टीही तिथे पोचल्या.

एकत्र काम करू नका!

१९२२ हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी जानेवारीत कॅनडातल्या टोरांटोमध्ये पहिल्यांदा डायबेटिसच्या पेशंटला इन्सुलिन दिलं गेलं. सगळ्या जगात खळबळ. इन्सुलिन दिलं की रक्तातली साखर उतरते, हे दिसत होतं. पण उतरते म्हणजे जाते कुठे? जळते, साठते की चरबी बनते?

बफेलोमध्ये दोघांनी याच प्रश्नाला हात घातला. पण संस्थेतून गर्टी यांना ताकीद मिळाली: आपल्या खोलीत बसून मायक्रोस्कोपचं काम करा, नवऱ्याबरोबर संशोधन करणं थांबवा, नाहीतर नोकरी जाईल. गर्टी खोलीत बसून नेमून दिलेलं काम करायच्या आणि संधी मिळाली की कार्लच्या प्रयोगात सामील व्हायच्या. हळूहळू प्रकरण निवळलं. काम मात्र एक दिवसही थांबलं नाही.

त्यांची पद्धत दिसायला साधी होती, पण करायला महाकठीण. उंदरांना मोजून साखर द्यायची. मग आतड्यातून किती शोषली गेली, किती जळली, लिव्हरमध्ये किती ग्लायकोजेन बनलं, स्नायूंमध्ये किती, सगळं मोजायचं. तेच पुन्हा इन्सुलिन देऊन मोजायचं, मग ॲड्रेनलिन देऊन. एखाद्या दुकानदाराने रोज रात्री गल्ल्याचा पै-पैचा हिशोब जुळवावा तसं. आकडा जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मोजमापाच्या बाबतीत गर्टी भयंकर काटेकोर होत्या.

कोरी सायकल: रिसायकलिंगची सिस्टीम

या हिशोबातून १९२९ मध्ये एक भन्नाट गोष्ट पुढे आली. आज बायोलॉजीच्या पुस्तकात तिला कोरी सायकल म्हणतात.

तुम्ही जोरात धावता तेव्हा स्नायूंना ऑक्सिजन कमी पडतो. मग स्नायू आपलं ग्लायकोजेन अर्धवट मोडतात, त्यातून लॅक्टिक ॲसिड तयार होतं. हा कचरा आहे असं वाटेल. पण हे लॅक्टिक ॲसिड रक्तातून लिव्हरकडे जातं आणि लिव्हर त्याचं पुन्हा ग्लुकोज किंवा ग्लायकोजेन बनवतं. ते ग्लुकोज रक्तातून परत स्नायूंकडे. झालं चक्र पूर्ण.

हे फुकट होत नाही बरं का. ग्लुकोजचा एक रेणू असा अर्धवट मोडून स्नायूला एटीपीचे २ रेणू मिळतात. एटीपी म्हणजे पेशीची एनर्जीची करन्सी. पण तोच ग्लुकोज पुन्हा बनवायला लिव्हरला ६ एटीपी मोजावे लागतात. म्हणजे ४ चा तोटा, तो लिव्हर सोसतं, म्हणून तुम्ही बस पकडायला धावू शकता.

यातली मोठी कल्पना ही की लिव्हरमधलं ग्लायकोजेन फक्त जेवणातल्या ग्लुकोजपासून बनत नाही. लॅक्टिक ॲसिडसारख्या छोट्या तुकड्यांपासूनही बनतं. पॉवर बँकेला चार्जिंगचे एकापेक्षा जास्त पोर्ट आहेत म्हणा.

पगार एक दशांश

एवढं काम झाल्यावर मोठ्या विद्यापीठांनी बोलवायला हवं होतं. बोलवलंही, पण फक्त कार्लना. एका ठिकाणी तर गर्टी यांना बाजूला घेऊन सांगण्यात आलं की बायकोने नवऱ्यासोबत काम करणं अमेरिकेच्या रीतीत बसत नाही आणि त्या नवऱ्याच्या करिअरची वाट लावत आहेत. ऐकून गर्टी यांना रडू आवरलं नाही. कार्लनी मात्र ठामपणे सांगितलं की दोघांना काम मिळणार असेल तरच येईन.

शेवटी १९३१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने दोघांना घेतलं. कार्ल विभागप्रमुख, गर्टी रिसर्च असोसिएट, आणि पगार कार्लच्या साधारण एक दशांश. प्रयोग दोघांचे, शोधनिबंधांवर नावं दोघांची, पण हुद्दा आणि पैसा एकाचा. गर्टी यांना सहयोगी प्राध्यापक व्हायला १९४३ उजाडलं आणि पूर्ण प्राध्यापक व्हायला १९४७.

टेस्ट ट्यूबमधलं ग्लायकोजेन

सेंट लुईसमध्ये त्यांनी अख्खा उंदीर सोडून पेशीच्या आतल्या रसायनांकडे मोर्चा वळवला. बेडकाचे स्नायू बारीक करून, धुऊन, त्यात काय बनतं ते तपासताना १९३६ मध्ये त्यांना एक नवा पदार्थ सापडला: ग्लुकोज-१-फॉस्फेट. ग्लायकोजेनच्या साखळीतून सुटणारा हा पहिला कण. आजही त्याला कोरी एस्टर म्हणतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सेंट लुईसच्या भयानक उन्हाळ्यात, त्यांच्या मुलाचा जन्म झाला. गर्टी चाळिशीच्या होत्या आणि अगदी शेवटपर्यंत लॅबमध्ये उभ्या होत्या.

मग त्यांनी साखळीतून हे कण सोडवणारं एन्झाइम शोधलं, फॉस्फोरायलेज. १९३९ च्या सुमारास त्याच एन्झाइमला उलटं चालवून त्यांनी टेस्ट ट्यूबमध्ये ग्लायकोजेन बनवून दाखवलं. त्या काळी असे मोठे रेणू फक्त जिवंत पेशीच बनवू शकते अशी समजूत होती. आणि गंमत बघा, नुसतं एन्झाइम आणि कच्चा माल घालून काम सुरू होत नव्हतं. आधी चिमूटभर तयार ग्लायकोजेन टाकावं लागायचं. दह्याला विरजण लागतं ना, अगदी तसं.

पुढे त्यांच्या लॅबने हे एन्झाइम स्फटिकरूपात शुद्ध केलं आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. फॉस्फोरायलेजची दोन रूपं आहेत, एक सतत काम करणारं आणि एक झोपलेलं. म्हणजे इथे कुठेतरी स्विच आहे!

स्विच कोण दाबतं?

हे कोडं गर्टी आणि कार्ल यांच्या लॅबमधून शिकून गेलेल्यांनी पूर्ण सोडवलं. त्या एका लॅबमध्ये काम केलेल्या सहा जणांना पुढे नोबेल मिळालं. अर्ल सदरलँड यांनी हार्मोनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारा दूत शोधला, त्याचं नाव सायक्लिक एएमपी. एडविन क्रेब्स यांनी एडमंड फिशर यांच्यासोबत दाखवलं की एन्झाइमवर फॉस्फेटचा एक गट चिकटवला किंवा काढला की ते ऑन-ऑफ होतं. आणि लुईस लेल्वा यांच्या कामातून कळलं की पेशीत ग्लायकोजेन बनवायचा रस्ता मोडायच्या रस्त्यापेक्षा वेगळा आहे. बनवणारं एन्झाइम वेगळं, ग्लायकोजेन सिंथेज. म्हणजे पेशीत एकच एन्झाइम दोन्ही कामं करत असेल हा कोरींचा अंदाज चुकला होता. पण ती चूक कळली तीही त्यांनीच उघडलेल्या रस्त्यावर चालल्यामुळे.

आज आपल्याला माहीत असलेली सिस्टीम अशी चालते.

जेवल्यावर: रक्तात ग्लुकोज वाढतं. लिव्हरच्या पेशींची दारं ग्लुकोजसाठी उघडीच असतात, त्यामुळे बाहेर वाढलं की आतही वाढतं. आत ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडून अडकवून ठेवतं. हा अडकवलेला ग्लुकोज स्वतःच सिंथेजला जोर देतो. शिवाय साधं ग्लुकोज जागं असलेल्या फॉस्फोरायलेजला जाऊन चिकटतं आणि त्याला बंद करणं सोपं करतं. म्हणजे अन्न हा फक्त कच्चा माल नाही, ते स्वतः एक सिग्नलही आहे.

त्याच वेळी स्वादुपिंडातून इन्सुलिन येतं. इन्सुलिनच्या हुकमाने एन्झाइमवरचे फॉस्फेट काढले जातात. एकाच फटक्यात बनवणारं एन्झाइम चालू आणि मोडणारं बंद. पॉवर बँक चार्ज होऊ लागते.

उपाशी असताना: साखर उतरली की स्वादुपिंड ग्लुकागॉन सोडतं. तो सायक्लिक एएमपीमार्फत फॉस्फेट चिकटवायला लावतो. आता उलटं: मोडणारं चालू, बनवणारं बंद. कुत्रा मागे लागला, परीक्षेचा पेपर हातात आला, की ॲड्रेनलिनही हेच करतं.

दोन्ही एन्झाइमसाठी फॉस्फेटचा अर्थ उलटा आहे, ही यातली खरी हुशारी. नाहीतर एकीकडून चार्ज आणि दुसरीकडून डिस्चार्ज, नुसतीच एनर्जी वाया!

नोबेल आणि आजार एकाच वर्षी

१९४७ च्या उन्हाळ्यात दोघे रॉकी पर्वतात चढाईला गेले होते. तिथे गर्टी चक्कर येऊन पडल्या. तपासण्या झाल्या आणि कळलं की हाडांच्या आतला रक्त बनवणारा मगजच निकामी होत चालला आहे. त्यावर इलाज नव्हता. आणि त्याच वर्षी नोबेल जाहीर झालं. अर्धा पुरस्कार अर्जेंटिनाचे बर्नार्डो हुसे यांना आणि उरलेला अर्धा गर्टी आणि कार्ल यांना मिळून. मेरी क्युरी आणि त्यांची मुलगी आयरीन यांच्यानंतर विज्ञानाचं नोबेल मिळालेल्या गर्टी तिसऱ्या महिला, आणि वैद्यकशास्त्रात पहिल्या.

पुढची दहा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या रक्तावर काढली. वारंवार रक्त चढवायचं, पुन्हा लॅब. लॅबशेजारच्या छोट्या खोलीत आराम करायला खाट ठेवलेली असे. शेवटी शेवटी चालवत नसे, तेव्हा कार्ल त्यांना उचलून एका जागेवरून दुसरीकडे नेत.

आजारी मुलांसाठी

आणि याच दहा वर्षांत त्या पुन्हा लहान मुलांकडे वळल्या, जिथून व्हिएन्नात सुरुवात झाली होती.

काही बाळांचं लिव्हर ग्लायकोजेनने फुगलेलं असतं, तरी दूध प्यायला थोडा उशीर झाला की रक्तातली साखर धोकादायक उतरते. पॉवर बँक फुल, पण आउटपुट बंद! १९५२ मध्ये गर्टी आणि कार्ल यांनी दाखवलं की अशा काही मुलांच्या लिव्हरमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एन्झाइम जवळपास नसतंच. अडकवलेल्या ग्लुकोजवरचा फॉस्फेट काढून त्याला रक्तात सोडायचं काम हेच एन्झाइम करतं. जन्मजात आजाराचं मूळ लिव्हरमधल्या एका एन्झाइमच्या अभावात आहे, हे असं पहिल्यांदाच सिद्ध झालं. स्नायूंमध्येही हे एन्झाइम नसतं, म्हणून तर स्नायूंची बॅटरी कोणाला चार्जिंग देऊ शकत नाही.

मग कळलं की अशा मुलांचे सगळ्यांचे आजार सारखे नाहीत. काहींमध्ये फांद्या तोडणारं एन्झाइम नसतं, त्या आजाराला आज कोरी डिसीज म्हणतात. नेमकं काय बिघडलंय ते कळलं म्हणून पुढे उपायही निघाले. १९८० च्या दशकात डॉक्टरांनी या मुलांना मक्याचा कच्चा स्टार्च द्यायला सुरुवात केली. तो पोटात सावकाश पचतो आणि तासन् तास थोडं थोडं ग्लुकोज सोडत राहतो. बंद पडलेल्या पॉवर बँकेला बाहेरून जोडलेली वायरच ती. जी मुलं पूर्वी एक रात्रही नीट झोपू शकत नव्हती, ती मोठी होऊ लागली.

ते बघायला गर्टी नव्हत्या. २६ ऑक्टोबर १९५७ ला, ६१ व्या वर्षी, त्या राहत्या घरी गेल्या.

आज काय उरलं?

चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. २००८ मध्ये अमेरिकेने त्यांचं ४१ सेंटचं टपाल तिकीट काढलं. त्यावर कोरी एस्टरची रचना छापली, आणि तीही थोडी चुकीची छापली गेली! मोजमापात केसाएवढीही चूक न चालवणाऱ्या बाईंच्या तिकिटावर हे व्हावं, याला काय म्हणायचं?

पण खरं स्मारक तुमच्या बरगड्यांखाली उजव्या बाजूला आहे. उद्या सकाळी रिकाम्या पोटी उठून फोन हातात घ्याल, तेव्हा स्क्रीनवरचे शब्द वाचायला मेंदूला लागणारं ग्लुकोज रात्रभर लिव्हरने कण कण मोडून पाठवलेलं असेल. ते कसं, हे आज आपल्याला सांगता येतं. कारण एका बाईंना नवऱ्याबरोबर काम करू नका म्हणून सांगितलं गेलं आणि त्यांनी ते ऐकलं नाही.

लेख आवडला असेल तर बायोलॉजीला घाबरणाऱ्या एखाद्या मित्र-मैत्रिणीला नक्की पाठवा.